भिंतीवरचं फोल्डिंग टेबल: पावसाळा आणि दिवाळी काढल्यानंतरचा अनुभव

वन रूम किचनमध्ये ३ फूट बाय दीड फुटाचं दुमडणारं टेबल उन्हाळ्यात बसवलं. अभ्यास, लॅपटॉप, पोळ्या लाटणं, इस्त्री अशी सगळी कामं त्यावर होतात आणि गणपतीत मखरासाठी भिंत मोकळी करायला ते दोन खटक्यांत खाली जातं. दुमडल्यावर भिंतीपासून तीन इंचांच्या आसपास पुढे राहतं. सामान मोजकंच: १८ मिमी प्लायचा तुकडा, १४ इंची त्रिकोणी फोल्डिंग ब्रॅकेटची जोडी, सनमायका, एजबँड (प्लायच्या कडेला चिकटवायची पट्टी), स्क्रू आणि गिट्ट्या (स्क्रू धरायला भिंतीच्या भोकात ठोकायचे प्लग). ब्रॅकेट आणि स्क्रू मुंबईत लोहार चाळ किंवा नागदेवी स्ट्रीटला मिळतात. प्लाय घराजवळच्या दुकानातूनच मापात कापून घ्यावा, कारण ३ फुटांची फळी घेऊन लोकलमध्ये चढण्यात अर्थ नाही.

आधी भिंत बघा, बाकी सगळं नंतर. ड्रिल मारल्यावर लाल भुकटी आली तर वीट, करडी आली तर काँक्रीट, आणि पांढुरकी, मऊ भुकटी भसाभस आली तर हलके ब्लॉक. नव्या टॉवरमध्ये या ब्लॉकच्या भिंती सर्रास असतात. त्यात साधी गिट्टी काही आठवड्यांत सैल होते. तिथे ड्रिलचा हॅमर मोड (ठोके मारत भोक पाडणं) बंद ठेवून भोक पाडायचं आणि लांब नायलॉन प्लग किंवा केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटवायचा बोल्ट) वापरायचा. विटेच्या भिंतीत ८ मिमीची गिट्टी पुरते, पण प्लास्टर ताकदीत धरू नका. ते १२ ते २० मिमी जाड असतं आणि काहीच पेलत नाही. स्क्रू त्याच्या पलीकडे विटेत किमान ४० मिमी गेला पाहिजे. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक नको, वायरचा पाइप बहुधा तिथूनच गेलेला असतो.

एवढी काळजी का, ते हिशोबात बघा. कोणी पुढच्या कडेवर रेलून ३० किलो भार टाकला, भिंतीपासून अंतर १८ इंच आणि ब्रॅकेटची उभी पट्टी ६ इंच, तर वरच्या स्क्रूंवर ३० × १८ ÷ ६ म्हणजे ९० किलोची ओढ येते. दोन ब्रॅकेटमध्ये ती ४५-४५ वाटली जाते. म्हणून ब्रॅकेट थेट भिंतीला न लावता आधी प्रत्येकी दीड फुटाची उभी प्लायची पट्टी चार गिट्ट्यांवर बसवायची आणि ब्रॅकेट त्या पट्टीवर. ओढ लांब पट्टीवर पसरते. शिवाय एखादी गिट्टी विटेच्या सांध्यात जाऊन फिरायला लागली, तरी बाकीच्या तीन धरून ठेवतात.

ब्रॅकेट फळीच्या दोन्ही टोकांपासून ६ इंच आत, टेबलाची उंची २९ ते ३० इंच. फळीला खालून १६ मिमीचेच स्क्रू. २५ मिमीचे मारले तर सनमायका फोडून वर येतात. मागची कड भिंतीला टेकवू नका, ३-४ मिमी फट ठेवा.

त्या फटीचं महत्त्व जुलैत कळतं. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, आणि टेकलेली कड पाणी ओढते. प्लाय ७१० नंबरचा, म्हणजे पाणी सोसणारा घ्या. स्वस्त एमआर प्लाय (फक्त दमटपणा सोसणारा) कडेला फुगतो आणि सनमायका उचलली जाते. चारही कडांना एजबँड हवाच, मागच्या न दिसणाऱ्या कडेलाही. सुतार नेमकी तीच वगळतात. वर १ मिमी सनमायका लावली तर खालच्या बाजूलाही पातळ लायनर लावा. एकाच बाजूला लावलेली फळी हवेतल्या दमटपणाने वाकते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. साध्या स्क्रूंची डोकी समुद्राजवळच्या घरात एका पावसाळ्यात तांबडी होतात.

वापरात खटकलेल्या गोष्टी आहेतच. काही महिन्यांनी ब्रॅकेटच्या सांध्यात खेळ येतो आणि पुढची कड २-३ मिमी खाली झुकते. पेन्सिल घरंगळायला लागते. उपाय सोपा: प्लायच्या उभ्या पट्टीवरचा ब्रॅकेटचा खालचा स्क्रू सैल करून मागे एक वॉशर सरकवायचा, पुढची कड उचलली जाते. ब्रॅकेटच्या लॉकमध्ये पीठ जातं. त्यावर तेल सोडलं की लगदा होतो, म्हणून आधी कोरड्या ब्रशने साफ करून मग सिलिकॉन स्प्रे. मिक्सर यावर चालवू नका, घरघर थेट शेजाऱ्याच्या भिंतीतून जाते. कुकर उतरवून ठेवायचा असेल तर खाली लाकडी पाट, आणि इस्त्रीला दुहेरी घोंगडी, नाहीतर सनमायकाला फोड येतो आणि तो बसत नाही.

लहान मुलं असतील तर दुमडताना जपा. दोन्ही लॉक एकदम दाबावे लागतात, तेव्हा एका हाताने फळी धरणं जमत नाही आणि ती धाडकन खाली येते. फळी मांडीवर टेकवून मग लॉक सोडायचे.