पार्टिशन घासायचं: हाताने, ओल्या स्पंजने की मशीनने?

जिप्सम बोर्डाचं पार्टिशन उभं राहिलं, सांध्यांवर टेप बसली, कंपाउंडचे (सांधे भरायच्या लगद्याचे) हात मारून झाले, की कारागीर विचारतो, "घासायला कधी घेऊ?" कधी घ्यायचं याआधी कसं घ्यायचं ते ठरवा. नाशिकच्या इंदिरानगर, पाथर्डी फाटा भागातल्या फ्लॅटमध्ये घरातली माणसं आत राहत असतानाच काम चालत असेल, तर विशेषच.

ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून हाताने घासणं सगळ्यात स्वस्त. सांध्याला 120-150 नंबर, शेवटचा हात 220चा. कोपरे आणि स्विचबोर्डाभोवतीचा भाग हातानेच नीट होतो. पण सगळी धूळ हवेत जाते. कंपाउंडमध्ये कॅल्शियम कार्बोनेट, टाल्क, अभ्रक असतं, काहींत थोडी सिलिकाही. त्यातले अगदी बारीक कण तासन्‌तास तरंगत राहतात. नाकाला नुसता रुमाल बांधून दिवसभर घासणारी पोरं मला बघवत नाहीत; रुमालातून हे कण आरामात आत जातात. एन95 मास्क आपणच आणून द्यावेत.

ओल्या स्पंजने धूळ जवळजवळ उडतच नाही. एखाददुसरा सांधा असेल तर मी हेच सुचवेन. मात्र हे फक्त वाळून घट्ट होणाऱ्या तयार कंपाउंडवर चालतं. व्हाइट सिमेंटची पुट्टी एकदा धरली की पाण्याने मऊ होत नाही. शंका असेल तर ओलं बोट भिंतीवर घासून बघा: पांढरं लगदा होऊन बोटाला आलं तर स्पंज चालेल. पाणी जास्त झालं की बोर्डाचा कागद फुगतो, तंतू उभे राहतात. पावसाळ्यात वाळायलाही वेळ लागतो.

लांब दांड्याचा सँडर, म्हणजे घासायचं मशीन, आणि त्याला जोडलेला व्हॅक्यूम, हे महाग पडतं. पण अमेरिकेतल्या नायोश या सरकारी संस्थेने अशा व्हॅक्यूम जोडलेल्या साधनांची चाचणी घेतली, तेव्हा हवेतली धूळ 80 ते 97 टक्के कमी झाली होती. घरचा व्हॅक्यूम मात्र लावू नका, या भुकटीने त्याचा फिल्टर लगेच बुजतो. बारीक धुळीची पिशवी आणि अगदी बारीक कणही अडवणारा हेपा फिल्टर असलेलाच हवा. नवख्या हातात चकती एका जागी थांबली की खड्डा पडतो, म्हणून टॉर्च भिंतीलगत धरून तिरप्या उजेडात तपासत राहा.

घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल, अथवा दोन-तीन खोल्यांचं काम असेल, तर मशीनचे पैसे द्याच आणि कोपरे तेवढे हाताने करून घ्या. रिकाम्या गाळ्यात हाताने चालेल, मास्क मात्र तिथेही हवाच.

पद्धत कोणतीही असो, दाराला प्लॅस्टिक लावून कडा टेपने बंद करा आणि सीलिंग फॅन बंद ठेवा. एका खिडकीत टेबल फॅन बाहेर तोंड करून लावा. झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. प्रायमरच्या आधी भिंतीवरूनही ओलसर कापड फिरवा, नाहीतर प्रायमर भिंतीऐवजी भुकटीलाच धरतो आणि पुढे रंगाचे पोपडे सुटतात.