भावनांच्या पत्त्यांचा संच: चित्रे अस्सल, शब्द उसने

ठाण्यात राम मारुती रस्त्यावरच्या खेळण्यांच्या एका दुकानातून मी जूनमध्ये लहान मुलांसाठीचा भावनांच्या पत्त्यांचा मराठी संच 480 रुपयांना घेतला. माझी लेक तेव्हा नुकतीच पहिलीत गेली होती. घरी आल्या आल्या दप्तर भिरकावायचे, दाराआड जाऊन बसायचे आणि काय झाले म्हणून विचारले की ‘काही नाही’ एवढेच सांगायचे, असा तिचा रोजचा क्रम झाला होता. हा अभिप्राय चार महिन्यांच्या वापरानंतरचा आहे.

संचात 36 पत्ते आहेत: 28 भावनांचे (वर चित्र, खाली भावनेचे नाव; मुलाने आपल्या मनाशी जुळणारा पत्ता काढायचा), 6 ‘आता काय करू?’ असे उपाय सुचवणारे आणि 2 कोरे. पुठ्ठा जाड आहे. पावसाळ्यात कासारवडवलीच्या आमच्या घरात वह्यासुद्धा सादळतात, पण पत्ते वाकलेले नाहीत. चित्रांतली मुले आपल्या आसपासची वाटतात.

संचामागचा विचारही भक्कम आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रागावलेले वा घाबरलेले चेहरे पाहताना त्या भावनेला नाव दिले असता मेंदूतील अमिग्डला या भागाची खळबळ कमी झालेली दिसली. प्रयोग मोठ्या माणसांवर झाला होता, पण घरात मूल असलेल्यांना त्यातले तथ्य सहज पटेल.

नेमके नावांपाशीच हा संच कमी पडतो. सहलीच्या आदल्या रात्री आनंदाने झोप न येणाऱ्या मुलीच्या चित्राखाली ‘उत्तेजित’ असे छापले आहे, आणि हा शब्द सहा वर्षांच्या मुलीला समजावून सांगण्याची माझी तरी तयारी नाही. ‘निराश’ हा शब्द तीन वेगवेगळ्या चेहऱ्यांना चिकटवला आहे. शब्द इंग्रजीतून उचलून आणल्याचे जागोजागी जाणवते. रुसणे, फुरंगटणे, हिरमुसणे, खट्टू होणे, ओशाळणे, कानकोंडे होणे यांपैकी एकही शब्द संचात नाही. हे केवळ भाषेचे कौतुक नव्हे. रुसलेल्या मुलाला कोणीतरी येऊन आपली समजूत काढावी असे वाटत असते, तर हिरमुसलेल्या मुलाची आशाच मावळलेली असते; तेव्हा दोघांशी वागण्याची रीतही वेगळी असायला हवी.

ऑगस्टमध्ये एका मैत्रिणीने वाढदिवसाला बोलावले नाही, तेव्हा लेकीने आधी ‘राग’ काढला, मग ‘दुःख’, आणि दोन्ही पत्ते बाजूला सारले. शेजारी मेथी निवडत बसलेल्या माझ्या सासूबाई म्हणाल्या, “हिरमुसलीस होय गं?” त्यावर ती म्हणाली, “हो, तेच! त्याचा पत्ता कुठाय?” मग आम्ही कोऱ्या पत्त्यावर तो शब्द लिहिला आणि तिने त्याखाली अर्धी हवा गेलेला फुगा काढला. वाढदिवसाचा सगळा विषय त्यानंतर तिने आपणहून सांगितला.

उपायांच्या पत्त्यांपैकी थंड पाणी पिणे आणि उलटे आकडे मोजणे हे दोन आमच्याकडे चालतात. ‘उशीला गुद्दे मारा’ हा पत्ता मात्र मी काढून टाकला. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या 2002 सालच्या प्रयोगात, ज्याच्यावर राग होता त्या माणसाचा विचार करत पिशवीवर ठोसे मारणाऱ्यांचा राग, नुसते स्वस्थ बसलेल्यांपेक्षा अधिकच भडकलेला आढळला होता. (आमच्याकडे उशीनंतर धाकट्या भावाचा नंबर लागला असता, हा भाग वेगळा.)

मराठी बोलणारे आजी-आजोबा घरात असतील, तर हा संच जरूर घ्यावा. केवळ पत्त्यांवरच्या शब्दांच्या भरवशावर घेणार असाल, तर 480 रुपये जास्त आहेत. पुढच्या आवृत्तीत प्रकाशकांनी कोरे पत्ते निदान दहा तरी द्यावेत. आमचे दोन्ही सप्टेंबरमध्येच संपले आणि सध्या जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांवर काम भागवतो आहोत.