गोळ्या सुटल्यानंतर: योगवर्ग की टेकडी?

व्यसन सुटल्यानंतरच्या आमच्या फॉलोअपच्या ग्रुपमध्ये नव्याने आलेल्या एका मैत्रिणीने गेल्या आठवड्यात विचारलं, "ताई, डोकं पार रिकामं झालंय. गॅस बंद केला की नाही ते कुलूप लावताना आठवत नाही. डॉक्टर म्हणतात व्यायाम सुरू करा. योगाचा क्लास लावू की चालायला जाऊ?" मीटिंग संपत आली होती, उत्तर अर्धवट राहिलं. ते तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या बाकीच्या जणींसाठी इथे पुरं करते. मी दोन्ही करून पाहिलं आहे. आधी चार महिने योगवर्ग आणि मग आजपर्यंत दीड वर्ष पुण्यातली तळजईची टेकडी.

माझी गोळी झोपेची, अल्प्राझोलाम. सासूबाईंच्या आजारपणातल्या जागरणांत सुरू झाली आणि सहा वर्षं राहिली. दिल्लीच्या एम्सची व्यसनांवरची राष्ट्रीय पाहणी २०१९ साली आली. तिच्यात १० ते ७५ वयाच्या भारतीयांपैकी १.०८ टक्के लोक झोपेच्या आणि मन शांत करणाऱ्या गोळ्या औषधाच्या गरजेपलीकडे घेताना आढळले. म्हणजे एक कोटीहून जास्त माणसं. हे व्यसन औषधाच्या डब्यात राहतं, त्याला वास नसतो, म्हणून घरातल्या बाईचं तर कुणाच्या लक्षातच येत नाही.

या गोळ्या जुनं फारसं पुसत नाहीत, नवं मुरू देत नाहीत, हे मला फार उशिरा समजलं. मी शाळेत शिकवते. पाचवीच्या वर्गातली पंचेचाळीस नावं पूर्वी जून संपेपर्यंत तोंडपाठ व्हायची. शेवटच्या वर्षी दिवाळी आली तरी हजेरीपुस्तक उघडल्याशिवाय एका बाकावरचीही नावं खात्रीने सांगता येत नव्हती. "बाई, ते माझं नाव नाही," असं एक मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली, त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं.

जिम आणि झुंबा यांचा विचार मी फार केला नाही. जिममधले आरसे त्या दिवसांत मला सोसले नसते, आणि झुंबाच्या आवाजाने छातीत धडधडायचं. ज्यांना ते रुचतं त्यांनी जरूर करावं, घाम तिथेही येतोच.

योगवर्गाबद्दल मला चांगलंच बोलायचं आहे. विड्रॉअलनंतर, म्हणजे गोळी सुटताना होणाऱ्या त्रासानंतर, अंग आखडलेलं असतं, मान आणि खांदे दगडासारखे होतात. ते पहिल्या महिन्यात मोकळे झाले ते योगामुळेच. ठरलेली वेळ आणि आपण आलो नाही तर फोन करणाऱ्या बायका, याचं मोल घरी बसून कळत नाही. भ्रामरीने, म्हणजे भुंग्यासारखा गुणगुणत श्वास सोडण्याच्या प्राणायामाने, माझी धडधड खरोखर कमी व्हायची. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी शंभर वर्षांपूर्वी ज्या सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला, ते बारा नीट घातले तर दमही लागतो.

अडलं ते शेवटच्या दहा मिनिटांशी.

शवासन. दिवे मंद, डोळे मिटलेले, योगाच्या बाईंचा हळू आवाज: पाय सैल सोडा, कंबर सैल सोडा, आता शरीर जड होतंय. बाकीच्या जणींना ते हवंहवंसं वाटायचं. मला मात्र ते जड होत जाणं ओळखीचं होतं. गोळी घेतल्यावर साधारण अर्ध्या तासाने अंग असंच खाली खाली जायचं, आणि सहा वर्षं मी त्याच क्षणाची दिवसभर वाट पाहिली होती. चटईवर पडल्या पडल्या तोंडाला कोरड पडायची, हात आपोआप उशाशी पाण्याचा पेला शोधायचा. तलफ इतकी स्पष्ट यायची की घरी परतताना मी मेडिकलचं दुकान टाळून मागच्या गल्लीने जायचे. बाईंना विचारलं, मी शवासनाआधी निघू का? त्या प्रेमळ होत्या, पण ठाम. शवासनाशिवाय आसनं अपुरी राहतात, म्हणाल्या. त्यांच्या शास्त्राप्रमाणे त्या बरोबर असतील. मला मात्र त्या दहा मिनिटांची धास्ती आदल्या रात्रीपासून वाटू लागली. चौथ्या महिन्यात समुपदेशकांशी बोलून मी वर्ग सोडला.

टेकडीचं काय निराळं? तिथे डोळे मिटता येत नाहीत. मुळं असतात, खडी असते, समोरून माणसं येतात, सकाळी झाडीतून मोर ओरडतो. श्वास लागतो तेव्हा अंग जड होत नाही, उलट जागं होतं. तलफ तिथेही आली, नाही असं नाही. पण चढावर आली आणि माथ्यावर पोचेपर्यंत विरली, असं बऱ्याचदा झालं. पडून राहिलेल्या अंगातून ती अशी निघून गेल्याचं मला आठवत नाही.

स्मरणाचं माझं मोजमाप घरगुती आहे. एक ओटीपी आणि दुसरं नावं. योगवर्गाच्या दिवसांत सहा आकडे टाइप करायला फोन तीनदा बघावा लागायचा. टेकडी सुरू केल्यावर तिसऱ्या महिन्यात एकदा बघून सहाच्या सहा टाइप झाले, तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून नवऱ्याला हाक मारली. त्या जूनमध्ये पाचवीची नवी तुकडी मिळाली. रोज चढताना एका रांगेची नावं म्हणायची आणि उतरताना तीच उलट क्रमाने, असं केलं. जुलैचा मध्य येईपर्यंत त्रेचाळीस नावं पक्की झाली.

याचं श्रेय सगळं टेकडीला देणं बरोबर होणार नाही. गोळी सुटून जितके महिने जातात तितकी स्मृती आपसूकही सावरत जाते, आणि टेकडी माझ्या वाट्याला नंतर आली. पण पुढे पावसात घसरून घोटा मुरगळला, तीन आठवडे घरी बसले, आणि ओटीपी पुन्हा दोनदा बघावा लागू लागला. चालणं सुरू झालं तसा तोही सुधारला. माझ्यापुरती मला तेवढी साक्ष पुरते.

वाचलेलंही थोडं सांगते. अमेरिकेत १२० ज्येष्ठांवर वर्षभर चाललेला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. निम्मे आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटांपर्यंत चालले, निम्म्यांनी ताण देण्याचे हलके व्यायाम केले. नव्या आठवणी घडवणारा मेंदूतला भाग, हिप्पोकॅम्पस, चालणाऱ्यांमध्ये सुमारे २ टक्क्यांनी वाढला आणि दुसऱ्या गटात थोडा घटला. स्मरणाच्या चाचणीत मात्र दोन्ही गट सुधारले, हेही सांगायला हवं. ती माणसं व्यसनातून उठलेली नव्हती, आणि योग म्हणजे नुसता ताण देणं नव्हे. चीनमध्ये मेथ (मेथॅम्फेटामिन) या उत्तेजक नशेच्या व्यसनातून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांना केंद्रातच दम लागेल असा व्यायाम किंवा ताई ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम देऊन त्यांचं लक्ष आणि स्मरण तपासणारे अभ्यास झाले आहेत. ताई ची आपल्या योगाच्या बरीच जवळची, म्हणून संथ व्यायामाला मी कमी लेखत नाही.

कुणी योगच निवडावा, तेही सांगते. पाठदुखीच्या गोळ्यांपासून व्यसन लागलं असेल आणि पाठ अजून दुखत असेल, तर चढ-उतारापेक्षा जाणत्या शिक्षिकेकडे आसनं बरी. दारूने पायांच्या नसांना इजा झाली असेल, तळपाय बधिर असतील, तर खडीची वाट धोक्याची. रात्री झोपच नसेल तर योग जास्त उपयोगी पडेल, असं माझ्या ग्रुपमधल्या दोघी सांगतात. आणि टेकडीची खरी अडचण बायकांना ठाऊक आहेच. हिवाळ्यात साडेपाचला अंधार असतो, कुत्री असतात, एकटीने जाणं नको वाटतं. मी शेजारच्या वहिनींना सोबत घेते. त्या आल्या नाहीत तर सोसायटीच्या जिन्याने चार मजले दहा वेळा चढते. कंटाळवाणं आहे, पण चालतं.

सुरू करण्याआधी रक्त मात्र तपासून घे. माझं हिमोग्लोबिन ८.९ निघालं होतं आणि मी थकवा विड्रॉअलचा समजत होते. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्ताने कमी आहेत, त्यात आपण असणारच. आणि झोपेच्या गोळ्या अजून पूर्ण सुटल्या नसतील, तर व्यायाम चांगला चाललाय म्हणून त्या मनाने एकदम बंद करू नकोस. फिट (आकडी) येऊ शकते. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतील.

पहिले पंधरा दिवस दहा मिनिटं पुरेत, तेही सपाटीवर. मग हळूहळू आठवड्याला दीडशे मिनिटांपर्यंत, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत वेग. घड्याळ, पट्टा, ॲप काही नको, बूट तेवढे चांगले घे.

योगाची चटई मी टाकून दिलेली नाही. टेकडीवरून आल्यावर बाल्कनीत ती अंथरते, मान-खांद्यांचे चार प्रकार आणि बसून भ्रामरी करते. डोळे उघडेच ठेवते. मग उठते, चहा टाकते, आणि आधण येईपर्यंत त्या दिवसाच्या रांगेची नावं एकदा म्हणून घेते.