जोधपूर की बिकानेर? गलाईवाल्याच्या नजरेतून

विटा-आटपाडीकडची पोरं हल्ली मला मारवाडबद्दल विचारतात. जोधपुरात गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं दुकान टाकावं की बिकानेरला? दोन्हीकडे भट्टी लावून झाली आहे, तेव्हा दिसलं ते सांगतो.

उन्हाचं सांगायला नको, आपल्या दुष्काळी भागातल्या माणसाला मे महिना नवा नाही. फरक थंडीचा. बिकानेरला जानेवारीत पहाटे हात शेकल्याशिवाय चिमटा धरवत नाही. जोधपूरला एका स्वेटरवर भागतं. बाजरी दोन्हीकडे, शाळूचं पीठ मात्र गावाहून न्या. पाणीही दोन्हीकडे इंदिरा गांधी कालव्याचं, थेट पंजाबातल्या हरिकेहून आलेलं. उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी कालवा बंद ठेवतात, त्याला तिकडे नहरबंदी म्हणतात. मोठी टाकी असलेला घरमालक बघा.

धंद्याला बिकानेर किंचित उजवं, असं माझं मत. कुंदनाच्या कामाला शुद्ध सोनं लागतं, त्यामुळे माल येत राहतो. शिवाय जुन्या शहरातल्या चौकांत लाकडी पाटे मांडलेले असतात. रात्री उशिरापर्यंत त्यांवर गप्पा चालतात, आणि परक्यालाही सरकून जागा देतात. असं गाव सोडवत नाही.

पण वाळू! गलाईच्या दुकानातला केर कुणी फेकत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. भट्टीपाशी, काट्यापाशी उडालेला कण त्यातच असतो. केर साठवायचा, जाळायचा, धुवायचा, तेव्हा सोनं हाताला लागतं. बिकानेरला आंधी आली की दार लावा, फटीत ओलं फडकं कोंबा, पिठासारखी वाळू आत येतेच. मग मूठभर केराची पाटी होते. ती धुवायला पाणी हवं, आणि नहरबंदीत ते एक दिवसाआड! काचेच्या पेटीतला काटासुद्धा स्थिर आकडा दाखवायला वेळ लावतो, आणि तोवर गिऱ्हाईक आपल्याकडे संशयानं बघत राहतं. उन्हाळाभर हेच. मी वैतागलो तो यालाच.

आंधी जोधपूरलाही येते, नाही असं नाही. पण माझं दुकान घंटाघराजवळच्या अरुंद गल्लीत होतं, दोन्ही बाजूंना उंच दगडी घरं. त्यामुळे असेल, केर केराइतकाच राहायचा. तुम्हाला बिकानेरात तशी गल्ली मिळाली तर तुमचा अनुभव वेगळाही निघेल.

बाकी जोधपूरला एम्स आहे, म्हातारी माणसं बरोबर असतील तर हे मोठं. यात्रेला गावी यायला बेंगळुरूची गाडी मिरजेवरून जाते. सुट्टीच्या दिवशी उमेद भवन बघून या. १९२९ ला दुष्काळी काम म्हणून सुरू झालेला राजवाडा आहे तो. आपल्याकडे दुष्काळी कामावर लोकांनी खडीच फोडली.

तरी बिकानेरच मनात असेल तर दुकान पश्चिमेला तोंड असलेलं घेऊ नका, आणि भाडं ठरवायच्या आधी मे महिन्यात एकदा जाऊन बसा.