जुना मॅसी घेताय? इंजिन गार असतानाच बघा

जुना मॅसी फर्ग्युसन ३५ ट्रॅक्टर घ्यायच्या तयारीत असाल, तर इसार द्यायच्या आधी हे वाचा. हातकणंगले भागातल्या एका दलालानं मला पद्धतशीर गंडवलं. त्याचं नाव देत नाही. पद्धत मात्र सांगतो, कारण ती वापरणारा तो एकटा नसणार.

आम्ही भल्या सकाळी पोचलो तरी सायलेन्सर गरम. "आत्ताच पाण्याचा टँकर सोडून आलोय पावनं," म्हणाला. स्टार्टर मारला, पहिल्या झटक्यात चालू. धूर नाही, ऑइल प्रेशरचा काटा झकास वर. लाल-करडा रंग इतका ताजा की नटांवरनंसुद्धा ब्रश फिरलेला. १९५८ चं मॉडेल, ओरिजिनल तीन सिलिंडरचं पर्किन्स इंजिन, असं दहादा सांगितलं.

ट्रॅक्टर घरी आणला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गडी काही केल्या चालू होईना. पिस्टन-रिंगा झिजल्या की गार इंजिनात कॉम्प्रेशन पुरत नाही, हवा हवी तेवढी तापत नाही आणि डिझेल पेटत नाही. तेच इंजिन आधी तापवून ठेवलं की गिऱ्हाइकाला काही कळत नाही. ढकलून चालू केला आणि नांगर लावला. लोड आल्यावर ब्रीदरमधनं, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतनं, निळा धूर, आणि तापेल तसा ऑइलचा काटा खाली.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी डिपस्टिक काढून ऑइल बोटांत चोळलं. "काकवीगत घट्ट हाय की हे! गिअर ऑइल घातलंय." घट्ट ऑइलनं खडखड दबते, धूर कमी होतो आणि प्रेशरही चांगलं दिसतं, पण रिकामं फिरवून बघेपर्यंतच. म्हणून ट्रायल घ्यायची तर शेतात, नांगर जोडून. दलाल कुरकुरला तर सौदा सोडा.

खरी मेख पुढंच होती. मिस्त्रींनी फडकं डिझेलमध्ये बुडवून इंजिन नंबरावरचा रंग पुसला आणि टॉर्च आडवी धरली. आकड्यांच्या खाली ग्राइंडरचे गोल गोल ओरखडे! आकडेही वरखाली, एक तर दोनदा ठोकलेला. "आणि १९५८ ला पर्किन्स कुटलं आलं? तवा डिझेल ३५ ला चार सिलिंडरचं स्टँडर्ड इंजान होतं. तीन सिलिंडरचं पर्किन्स १९५९ च्या शेवटाला आलं." म्हणजे आरसी बुक एका ट्रॅक्टरचं, इंजिन दुसऱ्याचं, आणि बुकातला नंबर इंजिनावर ठोकलेला. त्यामुळं चेसिस आणि इंजिन, दोन्ही नंबरांची पेन्सिल छाप आधी कागदावर घ्या आणि बुकाशी आकडा न् आकडा ताडून बघा. जुळला तरी त्याखालचं लोखंड बघाच.

लायनर, पिस्टन, रिंगा काय, उद्यमनगरात सगळं होऊन जातं. कागदाचं काम तसं नाही. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर, जे दलालानं दिले, मूळ मालकाच्या सह्या होत्या, बाकी सगळं कोरं. स्वतःचं नाव त्यानं कुठंच येऊ दिलेलं नाही. चौकशी केली तर मालक कधीच वारलेला. आता फॉर्म ३१ भरून आधी वारसांच्या नावावर व्हायला हवा. दलालाला फोन केला तर म्हणतो, "जुन्या मालाला ग्यारंटी नसती पावनं." नंबर खोडल्याची तक्रार पोलिसांत दिली आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत ट्रॅक्टर विकताही येत नाही आणि नावावरही होत नाही.