हायड्रॉक्सिल-यूव्ही एअर प्युरिफायर: वास गेला, धूळ तशीच

नागपुरातल्या महाल भागातलं आमचं घर जुनं, भिंतींना ओल. पावसाळ्यात आईच्या खोलीत कुबट वास आणि त्यात तिला दमा, म्हणून हे मशीन घेतलं. आतल्या अतिनील दिव्याचा प्रकाश टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप दिलेल्या जाळीवर पडतो, हवेतल्या बाष्पापासून हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचे अतिशय क्रियाशील कण) तयार होतात आणि वासाचे रेणू तोडतात. हे हायड्रॉक्सिल सेकंदभरही टिकत नाहीत. म्हणून काम बहुतेक मशीनच्या आतच होतं. खोलीभर पसरतात या जाहिरातीवर विसंबू नका.

कुबट वास मात्र खरंच गेला. रविवारी सावजी रस्सा शिजला की रात्रीपर्यंत रेंगाळणारा मसालाही आता झोपायच्या आत निवळतो. पण धूळ? कपाटावर बोट फिरवलं की रेघ उमटतेच. धुळीला हेपा फिल्टरच हवा, तो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. यात तो नाही. दम्यासाठीच घेणार असाल तर आधी हेपा घ्या.

आणि दिव्याची तरंगलांबी विचाराच. २५४ नॅनोमीटर चालेल. १८५ असेल तर ओझोन तयार होतो, दमेकऱ्याला तो फार वाईट. दुकानदाराला सांगता येईना, तेव्हा डबा उघडायला लावून माहितीपत्रकात आकडा बघितला, मगच पैसे दिले.