नेतीचा लोटा की पिळायची बाटली?

सर्दी नाही, ताप नाही, नाक वाहत नाही. तरी घशात मागून काहीतरी उतरतंय आणि दिवसभर खाकरणं चालू आहे, हे ज्यांच्या ओळखीचं आहे त्यांच्यासाठी नाक धुण्याबद्दल लिहितोय. आमच्या घरी मी आलो हे बेल वाजायच्या आधीच कळायचं. जिना चढतानाच खाकरायचो.

नाक आणि सायनस (नाकाभोवतीच्या हाडांमधल्या पोकळ्या) मिळून दिवसाला लिटरभर तरी स्राव तयार करतात असं सांगतात, आणि तो सगळेच जण गिळतात. पातळ असतो तोवर पत्ताही लागत नाही. ॲलर्जीने तो वाढला किंवा काही कारणाने दाट झाला की घशाच्या मागच्या भिंतीला चिकटून बसतो. म्हणजे तो बंद करायचा नसतो, पातळ करून धुऊन काढायचा असतो. हे लक्षात यायला मला दोन वर्षं लागली. तोवर गुळण्या करत होतो, ज्या तिथवर पोचतच नाहीत.

गोळ्यांचं थोडक्यात सांगतो. ॲलर्जीच्या गोळीने शिंका थांबल्या. त्यातल्या जुन्या, झोप आणणाऱ्या गोळीने मात्र तोंड कोरडं पडलं आणि चिकटा आणखी दाट झाला. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनसारखे थेंब तीन-चार दिवसांच्या पुढे नकोत. सवय लागली की थेंबांमुळेच नाक चोंदतं. डॉक्टर देतात तो स्टेरॉइडचा फवारा ॲलर्जी असेल तर चांगला आहे, पण त्याचा गुण यायला आठवडा-दोन आठवडे जातात, आणि तो धुतलेल्या नाकात मारला तर जास्त नीट बसतो. त्यामुळे धुणं आलंच. आता धुवायचं कशाने? नेतीच्या लोट्याने, म्हणजे एका नाकपुडीत मिठाचं पाणी सोडायच्या तोटीवाल्या लोट्याने, की पिळायच्या बाटलीने?

आधी पाणी, कारण त्यात लोटा-बाटली असा भेद नाही. पाणी उकळूनच घ्यायचं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुणारे दोन जण नेग्लेरिया फाउलेरी या अमीबाने दगावले. तेच पाणी प्यायल्याने काही होत नाही, नाकातून वर गेलं तर अमीबा मेंदू गाठतो. मी रात्री पातेलं उकळून झाकून ठेवतो आणि सकाळी कोमट करतो. अर्ध्या लिटरला साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा साधारण पाऊण चमचा. मीठ कमी पडलं तर पोहताना नाकात पाणी गेल्यासारखं कपाळापर्यंत झोंबतं. पहिल्यांदा घाबरून नेती सोडणारे बहुतेक इथेच सोडत असावेत.

बाटली मी आधी घेतली. मिठाच्या तयार पुड्या, मऊ टोक, बेसिनवर वाकायचं आणि पिळायची. दोन मिनिटांत काम. मान फार वाकडी करावी लागत नाही आणि नाक अर्धं चोंदलेलं असलं तरी पाणी जोरावर वाट काढतं. सायनसच्या शस्त्रक्रियेनंतर अनेक डॉक्टर बाटलीच सांगतात, ते उगाच नाही. प्रवासातही सोयीची. आतली नळी पावसाळ्यात वाळता वाळत नाही, एवढीच कुरबुर होती, आणि ती मी चालवून घेतली असती.

चालवून घेता आले नाहीत ते कानातले दडे. बाटली पिळताना आवंढा गिळायचा नसतो. गिळलं की नाकामागून कानाकडे जाणारी नळी उघडते आणि दाबाखालचं पाणी तिकडे घुसू शकतं. आता गंमत बघा. ज्याच्या घशात सतत काहीतरी उतरतंय त्याला सतत आवंढा गिळायचीच सवय असते. तोच तर आजार! मी ठरवून बाटली धरायचो, मनात एक-दोन-तीन म्हणायचो, आणि पाणी घशाशी आलं रे आलं की गिळायचो. मग दुपारपर्यंत डावा कान बंद. समोरचा हौदातून बोलतोय असं वाटायचं. हळू पिळून पाहिलं, तोंडाने आ-आ आवाज करत पिळून पाहिलं (घरच्यांची करमणूक झाली). आठवड्यातून दोनदा तरी दडा बसायचाच. तुम्हाला गिळणं आवरत असेल तर हा मुद्दा तुमच्यासाठी नाही. मला आवरलं नाही.

लोट्यात पाणी आपल्या वजनाने येतं. मध्येच गिळलं तर थोडं खारट लागतं, क्वचित ठसका लागतो, पण कानाला अजून तरी त्रास झालेला नाही. मान किती तिरकी करायची हे कळायला चार-पाच दिवस गेले. कपाळ हनुवटीच्या किंचित वर ठेवलं की पाणी घशात न जाता दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर येतं. लोटा स्टीलचा किंवा प्लास्टिकचा घ्या. मी घरातला पितळी घेतला होता. मिठाने महिन्याभरात तोटीशी हिरवं चढलं. परंपरेचा मान राखायचाच म्हटलं, तर हठयोगप्रदीपिकेतली नेती सुताची आहे, पाण्याची नाही.

लोट्याचे तोटे आहेतच. वेळ दुप्पट लागतो. नाक पूर्ण चोंदलेलं असलं की पाणी पलीकडे जातच नाही, लोटा धरून नुसतं उभं राहायचं. (तसं गच्च असताना बाटलीनेही जोर करू नये.) आणि आत राहिलेलं पाणी तासाभराने, चप्पल घालायला वाकलं की, टपकन जमिनीवर पडतं. कपालभाती करा म्हणतात, मीही करतो, पण हळू आणि दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून.

स्राव एकाच बाजूने येत असेल, त्याला घाण वास किंवा रक्त असेल, तर लोटा-बाटली दोन्ही ठेवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. जेवणानंतर खाकरणं वाढतं आणि आंबट वर येतं, तर मूळ पोटात असू शकतं. मग नाक कितीही धुतलं तरी फरक पडायचा नाही.

माझी बाटली अजून कपाटात आहे. गावाला जाताना ती पिशवीत टाकतो, आणि तिथे पोचल्यावर बहुतेक वेळा न वापरताच परत आणतो.